लुई ब्रेल, सहा ठिपके आणि गप्प बसणारा डायलॉग बॉक्स

तुमच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाचा एक विभाग असतो. बहुतेक जण तो कधी उघडतही नाहीत. माझा फोन मात्र त्याच्यावरच चालतो, कारण मला दिसत नाही आणि स्क्रीनवरचं सगळं मी टॉकबॅककडून ऐकतो. टॉकबॅकमध्ये ब्रेल कीबोर्डही आहे. तो सुरू केला की स्क्रीनवर सहा ठिपक्यांच्या जागा तयार होतात आणि दोन्ही हातांच्या तीन-तीन बोटांनी टाइप करता येतं. या सहा ठिपक्यांना आता दोनशे वर्षं होऊन गेली. ते ज्यानं शोधले तो तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा होता. आज त्याची गोष्ट सांगतो. मध्येच आजच्या ॲप्सचा एक दोषही येईल, कारण तो दोष त्याच्या काळीही होता, फक्त कागदावर.

लुई ब्रेलचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधल्या कुव्रे गावात झाला. पॅरिसपासून हे गाव साधारण ४० किलोमीटरवर. वडील घोड्यांचं खोगीर, लगाम वगैरे चामड्याचं सामान बनवायचे. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कामाच्या खोलीत खेळत असताना चामड्याला भोक पाडायची आरी त्याच्या डोळ्यात घुसली. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. तरी आईवडिलांनी त्याला गावच्या शाळेत बसवलं. तिथे तो नुसतं ऐकून शिकला. १८१९ मध्ये, दहा वर्षांचा असताना, त्याला पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत प्रवेश मिळाला.

ही शाळा व्हॅलेंटिन आवी या माणसानं सुरू केली होती. अंध मुलांना वाचता येईल यावर तेव्हा फारसा कुणाचा विश्वास नव्हता. आवीनं ओल्या कागदावर अक्षरांचा ठसा दाबून उठावाची पुस्तकं बनवली. माणूस मोठा, यात वाद नाही. पण अक्षरं तीच, डोळ्यांसाठी घडवलेली. प्रत्येक अक्षराची वळणं बोटानं चाचपायची, मग ते कोणतं आहे हे ठरवायचं, मग पुढचं. एक वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायची वेळ. पुस्तकं अवजड, संख्येनं थोडी, आणि तशी अक्षरं अंध मुलाला स्वतः लिहिता येणं जवळपास अशक्य.

इथे जरा थांबून आपल्या फोनकडे येऊ. समजा, पैसे पाठवायच्या ॲपमध्ये डायलॉग बॉक्स उघडला. वर लेबल आहे: व्यवहार सुरू आहे. स्क्रीन रीडर ते वाचतो. चार सेकंदांनी त्याच जागी लेबल बदलतं: व्यवहार झाला नाही, पुन्हा प्रयत्न करा. बॉक्स तोच, फोकस जिथे होता तिथेच, फक्त अक्षरं बदलली. डोळ्यांना हे आपोआप कळतं. स्क्रीन रीडर मात्र डायलॉग उघडताना आणि फोकस हलताना बोलतो. मजकूर बदलल्याची सूचना ॲपनं दिली नाही, तर तो गप्प. मी फोन कानाला लावून वाट बघत बसतो. एका ॲपमध्ये तर त्याच बटणाचं नाव रद्द करा वरून पुन्हा पाठवा असं बदलायचं आणि मला कळवलंच जायचं नाही. पैशाच्या बाबतीत हे किती महागात पडू शकतं, ते वेगळं सांगायला नको.

उपाय अवघड नाही. अँड्रॉइडमध्ये त्या लेबलला लाइव्ह रीजन ठरवता येतं. वेबपेजवर त्यासाठी एरिया-लाइव्ह आहे. पोलाइट ठेवलं तर चालू वाक्य संपल्यावर बदल वाचला जातो. असर्टिव्ह ठेवलं तर बोलणं मध्येच तोडून. डाउनलोडचा आकडा एकेका टक्क्यानं बदलत असेल आणि प्रत्येक बदल असर्टिव्ह केला, तर मात्र फोन कान किटवतो. तेव्हा कधी बोलायचं हेही ठरवावं लागतं. डेव्हलपरनं स्क्रीनवर अक्षरं बदलली म्हणजे मला सांगितलं असं होत नाही. आवीच्या पुस्तकांचंही तसंच झालं: मजकूर तिथे होता, बोटापर्यंत मात्र अर्धाच पोचत होता.

आता पुन्हा लुईकडे. १८२१ मध्ये शार्ल बार्बिए नावाचा तोफखान्यातला माजी अधिकारी स्वतःची लिपी घेऊन शाळेत आला. ती उठावाच्या ठिपक्यांची होती. ठिपके बोटाला रेषांपेक्षा पटकन कळतात, हे मुलांच्या लगेच लक्षात आलं. पण एका चिन्हात बारापर्यंत ठिपके, सहा-सहाच्या दोन उभ्या ओळी. बोटाच्या टोकाखाली ते एका वेळी मावायचं नाही, बोट वरखाली फिरवावं लागायचं. शिवाय लिपी उच्चारांवर बेतलेली, म्हणजे शुद्धलेखन नाही. विरामचिन्हं नाहीत, आकडे नाहीत. आजच्या भाषेत लुई हा त्या लिपीचा टेस्टर होता, आणि रोज वापरणारा टेस्टर. बनवणाऱ्याला न जाणवलेल्या अडचणी त्याच्या बोटाला जाणवत होत्या.

त्यानं बाराचे सहा केले. तीन-तीनच्या दोन उभ्या ओळी, एका स्पर्शात अख्खं अक्षर. सहा ठिपक्यांतून ६३ वेगळी चिन्हं बनतात, आणि मांडणीही डोकं लावून केलेली: पहिली दहा अक्षरं फक्त वरच्या चार ठिपक्यांत, पुढची दहा म्हणजे तीच, खाली डावीकडे एक ठिपका जोडून. पाठ करायचं ओझं एकदम कमी. १८२४ पर्यंत मूळ रचना तयार होती. पुस्तक १८२९ मध्ये आलं, सुधारित आवृत्ती १८३७ मध्ये. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या लुईनं संगीताची चिन्हंही याच ठिपक्यांत बसवली.

लिहायला पाटी आणि टोचणी. कागद मागून टोचायचा असल्यानं उजवीकडून डावीकडे, उलटं लिहायचं. अनेक जण इथे लहानपणची आरी आणि ही टोचणी जोडून हळहळतात. मला ते ओढूनताणून वाटतं. खरी गंमत ही की आता मुलं स्वतः टिपणं काढू लागली, एकमेकांना चिठ्ठ्या लिहू लागली.

लुई त्याच शाळेत शिक्षक झाला. पण १८४० मध्ये आलेल्या संचालकांना ही लिपी नको होती आणि तिच्यावर बंदी आली. डोळस शिक्षकांना ती वाचता येत नव्हती, हे त्यामागचं एक कारण. मुलं लपूनछपून वापरत राहिली. दरम्यान लुईनं उलट बाजूनंही पूल बांधला. १८३९ मध्ये त्यानं ठिपक्यांनीच नेहमीची अक्षरं काढायची पद्धत मांडली, म्हणजे अंध मुलाचं पत्र घरच्यांना वाचता यावं. फुको नावाच्या अंध मित्रानं त्यासाठी यंत्रही बनवलं. मला लुईचं हे काम सगळ्यात आवडतं, आणि नेमकं याचंच नाव कुणी काढत नाही.

१८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला ब्रेल लिपीचं जाहीर प्रात्यक्षिक झालं आणि विरोध मावळला. लुईला मात्र क्षयानं पोखरलं होतं. ६ जानेवारी १८५२ रोजी, ४३ वर्षं पूर्ण होऊन दोनच दिवस झाले असताना, तो गेला. शाळेनं लिपी अधिकृत केली ती १८५४ मध्ये. भारतीय भाषांसाठीची भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली; आपला क त्यात फ्रेंच के च्याच ठिपक्यांनी लिहितात.

तुमच्यापैकी कुणी ॲप बनवत असेल, तर टॉकबॅक सुरू करा, स्क्रीनची चमक शून्यावर आणा आणि आपलाच डायलॉग बॉक्स वापरून बघा. टॉकबॅक चालू असताना एका टॅपनं निवड होते आणि दोन टॅपनं बटण दाबलं जातं, हे आधी लक्षात ठेवा. आणि नुसते वापरणारे असाल, तर फीडबॅकमध्ये नेमकं लिहा: कोणता बॉक्स, आधी लेबल काय होतं, नंतर काय झालं, फोन काय बोलला.