हजरत युसूफ : मत्सराला माफीचे उत्तर
हजरत याकूब यांना 12 मुलगे. त्यांत युसूफ फार लाडके. भावांना ते खुपले. त्यांनी युसूफ यांना विहिरीत टाकले, सदऱ्याला खोटे रक्त लावून वडिलांना दाखवले. शोकाने वडिलांची दृष्टी गेली, असे कुरआन सांगते. इजिप्तमध्ये विकले गेलेले युसूफ तुरुंगातून सुटून धान्यकोठारांचे प्रमुख झाले. दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला आले. बदला हाती होता. युसूफ यांनी माफी दिली.

बायबलमध्येही ही कथा आहे. आपल्या जिल्ह्यातल्या देहूत, मत्सराने मारहाण करणाऱ्या मंबाजींना तुकोबांनी मानाने कीर्तनाला बोलावले, असे वारकरी सांगतात.

रोजा मनाचाही असतो. भावाशी अबोला असेल, तर ईदची वाट कशाला पाहायची?