जॉश गिब्सन : नोंदवहीबाहेर राहिलेला महान फलंदाज

बेसबॉलमध्ये एखाद्या पिढीतील सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा वाद अमेरिकेत जवळजवळ या खेळाइतकाच जुना आहे. गेल्या शतकाच्या तिशी-चाळिशीच्या दशकांचा विषय निघाला की लू गेरिग, जिमी फॉक्स, जो डिमॅजिओ आणि टेड विल्यम्स ही नावे हमखास पुढे येतात. याच काळातील आणखी एक नाव मात्र अनेक दशके अधिकृत नोंदींच्या बाहेर राहिले. ते नाव जॉश गिब्सन यांचे. कृष्णवर्णीय असल्यामुळे त्यांना मेजर लीगमध्ये एकही सामना खेळता आला नाही. मृत्यूनंतर ७७ वर्षांनी त्याच मेजर लीगने कारकिर्दीतील फलंदाजीच्या सरासरीचा सर्वोच्च विक्रम त्यांच्या नावावर नोंदवला.

गिब्सन यांचा जन्म २१ डिसेंबर १९११ रोजी जॉर्जिया राज्यातील ब्युएना व्हिस्टा येथे झाला. दक्षिणेतील वर्णभेद आणि दारिद्र्य यांना कंटाळून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे त्या काळी उत्तरेकडील औद्योगिक शहरांत स्थलांतर करीत होती. गिब्सन यांच्या वडिलांनीही पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यात काम मिळवले आणि कुटुंबाला तेथे नेले. किशोरवयीन जॉश यांनी विजेच्या कामाचे शिक्षण सुरू केले होते. परंतु ते अर्धवट सोडून त्यांनी लवकरच कामधंदा आणि मैदान जवळ केले.

१९३० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते होमस्टेड ग्रेज या नामांकित कृष्णवर्णीय संघात दाखल झाले. त्याच वर्षी त्यांच्यावर मोठा आघात झाला. जुळ्या अपत्यांना जन्म देताना त्यांच्या पत्नी हेलन यांचे निधन झाले. मुलगा आणि मुलगी दोघेही वाचले. त्यांचे संगोपन प्रामुख्याने आजोळी झाले आणि गिब्सन गावोगावच्या सामन्यांच्या भटकंतीत गुंतत गेले.

मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीयांना बंदी घालणारा कोणताही लिखित नियम नव्हता. संघमालकांमधील अलिखित संकेत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काटेकोरपणे पाळला जात होता. त्यामुळे कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या संघटना उभारल्या. त्या ‘निग्रो लीग’ या तत्कालीन नावाने ओळखल्या जातात. १९३२ ते १९३६ या काळात गिब्सन पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सकडून खेळले. सॅचेल पेज, कूल पापा बेल, ऑस्कर चार्ल्सटन आणि ज्युडी जॉन्सन हे त्यांचे सहकारी होते. हे पाचही खेळाडू पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले.

गिब्सन कॅचर होते. फलंदाजाच्या मागे उकिडवे बसून प्रत्येक चेंडू झेलण्याचे हे काम गुडघे आणि बोटे यांची कसोटी पाहते, म्हणून कॅचरकडून मोठ्या फलंदाजीची अपेक्षा सहसा ठेवली जात नाही. गिब्सन मात्र लांब पल्ल्याच्या होम रनसाठी ओळखले जात. त्यांना ‘कृष्णवर्णीय बेब रुथ’ म्हटले जाई. तर रुथ यांनाच गोरा गिब्सन म्हणावे, असे त्यांचे अनेक चाहते मानत. अधिक वेतनासाठी ते १९३७ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकात आणि १९४० व १९४१ मध्ये मेक्सिकोतही खेळले.

१९४३ च्या प्रारंभी ते बेशुद्धावस्थेत रुग्णालयात दाखल झाले. मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले. परंतु त्यांनी शस्त्रक्रियेस नकार दिला. तीव्र डोकेदुखी आणि मद्यपान यांनी पुढील वर्षे ग्रासली. तरीही त्याच हंगामात त्यांची सरासरी .४६६ होती आणि १९४३ व १९४४ मध्ये ग्रेज संघाने विजेतेपद पटकावले.

वॉशिंग्टन संघाचे मालक क्लार्क ग्रिफिथ यांनी गिब्सन आणि बक लेनर्ड यांना बोलावून मेजर लीगबाबत विचारणा केली होती, असे लेनर्ड यांनी पुढे सांगितले. करार मात्र झाला नाही. अखेर ऑक्टोबर १९४५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने तरुण जॅकी रॉबिन्सन यांना करारबद्ध केले. २० जानेवारी १९४७ रोजी गिब्सन यांचे पिट्सबर्ग येथे वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी निधन झाले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १५ एप्रिल रोजी, रॉबिन्सन मेजर लीगच्या मैदानात उतरले. गिब्सन यांच्या कबरीवर १९७५ पर्यंत नावाची शिळादेखील नव्हती.

त्यांच्या स्मृतीला पहिले मोठे बळ एका गोऱ्या प्रतिस्पर्ध्याने दिले. १९६६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये स्वतःचा समावेश होत असताना टेड विल्यम्स यांनी पेज आणि गिब्सन यांच्यासारख्यांनाही तेथे स्थान मिळावे, अशी जाहीर अपेक्षा व्यक्त केली. पेज यांचा १९७१ मध्ये, तर गिब्सन आणि लेनर्ड यांचा १९७२ मध्ये समावेश झाला.

डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगना समान दर्जा दिला. संशोधकांनी जुन्या वृत्तपत्रांतील धावफलकांतून जमवलेली आकडेवारी मे २०२४ मध्ये अधिकृत नोंदींत समाविष्ट झाली. बेसबॉलमध्ये यशस्वी फटक्यांना अधिकृत फलंदाजी-संधींनी भागून मिळणारे प्रमाण म्हणजे सरासरी. गिब्सन यांची सरासरी .३७२ ठरली आणि टाय कॉब यांचा .३६७ चा विक्रम मागे पडला. फटक्यांची ताकद मोजणाऱ्या स्लगिंग टक्केवारीतही त्यांनी .७१८ सह बेब रुथ यांच्या .६९० ला मागे टाकले.

या निर्णयाने वाद संपलेला नाही. निग्रो लीगचे हंगाम लहान असत. गिब्सन यांचे नोंदवलेले सामने सुमारे सहाशे आहेत, तर रुथ यांचे अडीच हजारांहून अधिक. त्यामुळे ही तुलना समान पायावरची नाही, असा आक्षेप घेतला जातो. हॉल ऑफ फेममधील फलकावर त्यांच्या जवळपास ८०० होम रनचा उल्लेख असला, तरी लीगच्या पडताळलेल्या सामन्यांतील संख्या दोनशेहून कमी आहे. कारण गावोगावच्या प्रदर्शनीय सामन्यांची गणना त्यात होत नाही. दुसरी बाजू अशी की, रुथ आणि कॉब यांनाही लीगच्या सामन्यांत पेज यांच्यासारख्या कृष्णवर्णीय गोलंदाजांना कधीच सामोरे जावे लागले नाही. वर्णभेदाने दोन्ही बाजूंच्या आकड्यांना मर्यादा घातली होती.

गिब्सन आपल्या पिढीतील सर्वश्रेष्ठ होते की नाही, याचा निर्णय करू शकणारे सामने खेळलेच गेले नाहीत. हे सामने होऊ न देणाऱ्यांमध्ये गिब्सन नव्हते. आता निदान त्यांचे नाव वगळून हा वाद करता येत नाही.