काफिल्याचा वाटाड्या : सिदी मुबारक

‘सफारी’ हा शब्द तुम्ही नक्कीच ऐकला असेल. टांझानिया, केनिया अशा आफ्रिकेतील देशांत दरवर्षी लाखो प्रवासी सफारीसाठी जातात. मोकळ्या माळरानावर ते तंबू ठोकून राहतात. पहाटे उठून सिंह, हत्ती, जिराफ, झेब्रे पाहतात. त्यांच्याबरोबर नेहमी एक वाटाड्या असतो. कोणत्या झुडपाआड सिंह बसला आहे, पाणी कोठे आहे, रात्री तंबूबाहेर का पडू नये, हे सारे त्याला ठाऊक असते. पाहुण्यांचा जीव त्याच्या हाती असतो. पाहुणे घरी परतल्यावर सिंहाचे छायाचित्र सर्वांना दाखवतात. वाटाड्याचे नाव मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहते.

सफारी हा पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेचा शब्द आहे. त्याचे मूळ अरबी ‘सफर’ या शब्दात आहे. तोच शब्द तुमच्या उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. स्वाहिलीत पुस्तकाला ‘किताबु’, बातमीला ‘हबारी’, मित्राला ‘रफिकी’ आणि शिपायाला ‘अस्करी’ म्हणतात. या शब्दांचे अर्थ तुम्हांला कोणी सांगायला नकोत. अरबस्तान, हिंदुस्थान आणि आफ्रिका यांच्यामध्ये शेकडो वर्षे गलबते ये-जा करत होती. त्या गलबतांतून माल आला, माणसे आली आणि शब्दही आले. दुर्दैवाने त्याच गलबतांतून गुलामही नेले जात. अशाच एका गलबतातून नेलेल्या मुलाची ही जीवनकथा आहे. त्याचे नाव सिदी मुबारक बॉम्बे.

आज जेथे टांझानिया आणि मोझांबिक या देशांची सीमा आहे, त्या भागात याओ जमातीचे लोक राहतात. तेथे सुमारे १८२० साली त्याचा जन्म झाला. तो लहान असतानाच त्याच्या गावावर गुलाम पकडणाऱ्यांची धाड आली. गावकऱ्यांबरोबर त्यालाही पकडून किनाऱ्यावरील किल्वा बंदरात नेले आणि थोड्याशा कापडाच्या मोबदल्यात विकले. मग समुद्र ओलांडून तो हिंदुस्थानात आला. आईवडिलांनी ठेवलेले त्याचे नाव इतिहासात कोठेही नोंदलेले नाही. ‘मुबारक’ हे नाव त्याला गुलामगिरीत मिळाले. आफ्रिकेतून आलेल्या लोकांना आपल्याकडे सिद्दी किंवा सिदी म्हणत. कोकणातील मुरूडचा जंजिरा किल्ला शतकानुशतके ज्यांच्या ताब्यात होता, ते नवाब सिद्दीच होते. काही सिद्दी असे सत्ताधीश झाले. मुबारकसारखे पुष्कळ मात्र गुलामीत राहिले.

पश्चिम हिंदुस्थानात मुबारकने अनेक वर्षे मालकाची सेवा केली. या काळात तो हिंदुस्थानी भाषा बोलायला शिकला. ही भाषा त्याला कोणी शाळेत बसवून शिकवली नाही. घरात, बाजारात काम करता करता ती त्याच्या ओठांवर बसली. मालक मरण पावल्यावर त्याला स्वातंत्र्य मिळाले. तेव्हा तो जहाजाने आफ्रिकेला परतला आणि झांझिबारच्या सुलतानाच्या फौजेत शिपाई झाला. हिंदुस्थानातून परत आलेला म्हणून लोक त्याला ‘बॉम्बे’ म्हणू लागले. अशा रीतीने आपल्या मुंबईचे नाव त्याच्या नावाला कायमचे जोडले गेले.

१८५६ सालच्या अखेरीस रिचर्ड बर्टन आणि जॉन स्पीक हे दोन इंग्रज अधिकारी पूर्व आफ्रिकेत आले. आफ्रिकेच्या अंतर्भागात मोठी सरोवरे आहेत, असे त्यांनी ऐकले होते. नाईल नदीचा उगम तेथेच असेल काय, हा प्रश्न त्या काळी युरोपातील विद्वानांना सतावत होता. किनाऱ्याजवळच्या एका ठाण्यावर त्यांना मुबारक भेटले. स्पीक यांना स्वाहिली येत नव्हती. मात्र हिंदुस्थानातील फौजेत नोकरी केल्यामुळे त्यांना हिंदुस्थानी येत होती. एक इंग्रज आणि एक आफ्रिकी माणूस आफ्रिकेच्या भूमीवर हिंदुस्थानी भाषेत बोलू लागले! गुलामगिरीत शिकलेली भाषा मुबारक यांच्या अशी उपयोगी पडली. ते स्पीक यांची बंदूक सांभाळू लागले आणि दुभाष्याचे कामही करू लागले.

मित्रांनो, त्या काळची सफर कशी असे, याची कल्पना करा. वाटेत त्सेत्से नावाची माशी असे. ती चावली की घोडे, बैल आणि गाढवे आजारी पडून मरत. म्हणून सारे सामान माणसांच्या डोक्या-खांद्यावरून न्यावे लागे. एकेक हमाल सुमारे तीस किलोचे ओझे उचलत असे. त्या मुलुखात आपल्यासारखी नाणी चालत नसत. कापड, मणी आणि पितळेची तार हाच पैसा होता. प्रत्येक राजा आपल्या प्रदेशातून जाऊ देण्यासाठी जकात घेई. तिला ‘होंगो’ म्हणत. होंगो किती द्यायचा, यावर कधीकधी दिवसचे दिवस बोलणी चालत.

पहाटे काफिला निघे. निशाण घेतलेला मनुष्य पुढे चाले. ऊन चढण्यापूर्वी चार-पाच तासांची मजल मारून मुक्काम पडे. मग तंबू ठोकायचे, पाणी आणायचे, धान्य विकत घ्यायचे आणि जंगली जनावरे आत येऊ नयेत म्हणून भोवती काटेरी कुंपण घालायचे. रात्री कोणी हमाल पळून जाऊ नये, म्हणून पहारा ठेवायचा. आजारी माणसांची सोय पाहायची. या सर्व कामांत पुढे मुबारक यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे घालवली. लहानपणी ज्या कापडासाठी त्यांना विकले होते, तेच कापड आता ते स्वतःच्या हातांनी मोजून राजांना होंगो म्हणून देत आणि काफिल्याची वाट मोकळी करत.

बर्टन आणि स्पीक यांचा काफिला जून १८५७ मध्ये निघाला. वाटेत दोघेही वारंवार आजारी पडले. बर्टन यांना चालता येईना. स्पीक यांच्या डोळ्यांना विकार झाला आणि त्यांना नीट दिसेना. फेब्रुवारी १८५८ मध्ये एका टेकडीवरून बर्टन यांना दूरवर एक चकाकती रेषा दिसली. ती कसली, असे त्यांनी मुबारक यांना विचारले. ते पाणी असावे, असे मुबारक यांनी शांतपणे सांगितले. ते टांगानिका सरोवर होते. पुढे काही महिन्यांनी स्पीक मुबारक यांना घेऊन उत्तरेकडे गेले. ३ ऑगस्ट १८५८ रोजी त्यांच्यासमोर एक अफाट जलाशय पसरलेला होता. तेथील लोक त्याला न्यान्झा म्हणत. स्पीक यांनी त्याला आपल्या राणीचे, म्हणजे व्हिक्टोरियाचे नाव दिले. हे आफ्रिकेतील सर्वांत मोठे सरोवर आहे.

१८६० मध्ये स्पीक पुन्हा आले. या वेळी त्यांच्याबरोबर जेम्स ग्रँट होते आणि मुबारकही होते. या सफरीतील एक प्रसंग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १८६२ साली युगांडात एके दिवशी स्पीक यांनी तळ हलवण्याचा हुकूम दिला. तेथून निघालो तर माणसांना अन्न कसे मिळणार, अशी शंका मुबारक यांनी काढली. स्पीक चिडले आणि त्यांनी स्वतःच तंबू पाडायला सुरुवात केली. तंबूत विस्तव होता आणि बंदुकीच्या दारूच्या पेट्याही होत्या. हे पाहून मुबारक तंबू ओढणाऱ्यांवर रागाने ओरडले, कारण दारूने पेट घेतला असता तर सगळाच तळ उडाला असता. हुकूम मोडला म्हणून स्पीक यांनी त्यांना तीनदा ठोसे मारले. रक्त वाहू लागले. मुबारक यांनी नोकरी सोडल्याचे सांगितले आणि ते निघून गेले.

मग स्पीक यांनी दुसऱ्या एका वृद्ध दुभाष्याला मुबारक यांची जागा घेण्यास सांगितले. पण त्या भल्या माणसाने मुबारक यांची समजूत घातली आणि काफिला पुढे निघाला. काही वर्षांनंतर हेन्री स्टॅन्ले यांनी मुबारक यांना पाहिले, तेव्हा त्यांचे पुढचे दात पडलेले होते. ते या ठोशांनीच पडल्याचे स्टॅन्ले यांनी लिहून ठेवले आहे. तुम्हीच विचार करा. त्या दिवशी तळाची काळजी कोण करत होते?

२८ जुलै १८६२ रोजी स्पीक, मुबारक आणि त्यांचे सोबती नाईल नदी सरोवरातून बाहेर पडते त्या धबधब्यापाशी पोहोचले. तेथून ते उत्तरेकडे जात १८६३ साली इजिप्तमधील कैरोपर्यंत गेले. या कामगिरीबद्दल लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने मुबारक यांना रौप्यपदक दिले.

१८७१ साली स्टॅन्ले डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शोधात निघाले. त्यांनी मुबारक यांना अस्करींचे प्रमुख नेमले. लिव्हिंग्स्टन उजीजी गावी सापडले. त्यानंतर १८७३ ते १८७५ या काळात व्हर्नी कॅमेरॉन यांच्याबरोबर मुबारक यांनी हिंदी महासागरापासून अटलांटिक महासागरापर्यंत संपूर्ण आफ्रिका खंड पार केले. तेव्हा त्यांचे वय पन्नाशी ओलांडून गेले होते.

याच सफरीत, ऑक्टोबर १८७३ मध्ये, कॅमेरॉन यांचा तळ आजच्या टाबोरा शहराजवळ होता. तेथे एक दुःखी काफिला आला. लिव्हिंग्स्टन यांचा मृत्यू झाला होता आणि त्यांचे आफ्रिकी सोबती त्यांचा देह समुद्राकडे नेत होते. त्यांचे पुढारी होते चुमा आणि अब्दुल्ला सुसी. या दोघांनीही काही काळ मुंबईत काढला होता. त्यांच्यातील जेकब वेनराइट हा तर आपल्या नाशिकजवळच्या शरणपूर येथील आश्रमात शिकला होता. गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुले तेथे ठेवली जात. देह येथेच पुरावा, असे कॅमेरॉन यांनी सुचवले. पण त्या सोबत्यांनी ते मानले नाही. हजार मैलांहून अधिक वाट तुडवून त्यांनी तो देह किनाऱ्यावर पोहोचवला. १८७४ साली लंडनमध्ये त्याचे दफन झाले.

मुबारक हे निर्दोष होते, असे मुळीच नाही. ते विसरभोळे होते. स्टॅन्ले आणि कॅमेरॉन यांनी त्यांच्याबद्दल पुष्कळ तक्रारी लिहिल्या आहेत. मुबारक यांनी स्वतः एकही पुस्तक लिहिले नाही. त्यामुळे त्यांच्याविषयी आपल्याला जे कळते, ते त्यांच्या मालकांच्या लेखणीतून कळते. त्यांची बाजू त्यांच्या शब्दांत आपल्यापुढे आलीच नाही. तरीही एक गोष्ट स्पष्ट आहे. तक्रार करणारे साहेबसुद्धा पुढच्या सफरीसाठी त्यांनाच शोधत येत. त्यांनी आफ्रिकेत सुमारे ९,६०० किलोमीटर प्रवास केला, असा अंदाज आहे. त्यातील बराचसा पायी होता. अखेरच्या वर्षांत सोसायटीने त्यांना निवृत्तिवेतनही दिले. १८८५ साली त्यांचे निधन झाले.

लंडनच्या एका बागेत स्पीक यांच्या स्मरणार्थ लाल दगडाचा उंच स्तंभ उभा आहे. त्यावर स्पीक, व्हिक्टोरिया न्यान्झा आणि नाईल ही नावे कोरलेली आहेत. मुबारक यांचे नाव तेथे नाही. मात्र काळाबरोबर माणसांची दृष्टी बदलते. २००९ साली रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनेच लंडनमध्ये एक प्रदर्शन भरवले. प्रसिद्ध प्रवाशांना वाट दाखवणाऱ्या, त्यांचे ओझे वाहणाऱ्या आणि त्यांच्यासाठी दुभाष्याचे काम करणाऱ्या लोकांची ओळख त्यातून जगाला करून देण्यात आली. त्यांत सिदी मुबारक बॉम्बे हेही होते.

मुबारक यांच्यानंतर सफारीचे रूप हळूहळू पालटले. पुढे बंदुका घेऊन शिकारी आले. त्यांचेही तंबू आफ्रिकी माणसांनीच वाहिले. नंतर अभयारण्ये झाली. केनियाने १९७७ साली शिकारीवर बंदी घातली. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. जे उजीजी गाव मुबारक यांनी पाहिले, त्याच्या उत्तरेला टांगानिका सरोवराच्या काठी आज गोम्बे राष्ट्रीय उद्यान आहे आणि तेथील चिंपांझी पाहायला लोक दुरून येतात. तेथेही पाहुण्यांच्या पुढे वाटाड्याच चालतो.

मित्रांनो, आता भूगोलाचा नकाशा उघडा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर झांझिबार बेट शोधा. तेथून बोट टेकवून टांगानिका सरोवरापर्यंत या. मग वर व्हिक्टोरिया सरोवराकडे जा आणि नाईल नदीच्या काठाने कैरोपर्यंत पोहोचा. पुन्हा झांझिबारला या आणि या वेळी बोट सरळ पश्चिमेकडे, अंगोलाच्या किनाऱ्यापर्यंत न्या. या साऱ्या वाटा सिदी मुबारक यांच्या पायांखालून गेलेल्या आहेत. नकाशावर त्यांचे नाव नाही, म्हणून ते तुम्ही आपल्या वहीत लिहून ठेवा.