झेरॉक्सचा जनक आणि नाव न लावलेले दान : चेस्टर कार्लसन

जून महिना उजाडला की आमच्या वस्तीतल्या झेरॉक्सच्या दुकानासमोर रांग लागते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट, आधार कार्ड, पासबुकाचे पहिले पान. प्रवेश असो की शिष्यवृत्ती, सगळ्याच्या दोन-दोन प्रती लागतात. 'झेरॉक्स' हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे की ते एका अमेरिकन कंपनीचे नाव आहे, हे आपल्या लक्षातही राहत नाही. समाजकार्याच्या निमित्ताने मी या रांगेत अनेकदा मुलांसोबत उभी राहते. ज्या माणसामुळे हे यंत्र जगात आले, तो माणूसही पुस्तक विकत घ्यायला पैसे नसलेला विद्यार्थी होता. पुढे तो कोट्यधीश झाला आणि ते पैसे त्याने गाजावाजा न करता वाटून टाकले. त्यातला थोडा वाटा अमेरिकेतल्या एका बौद्ध ध्यानकेंद्राच्या उभारणीलाही लागला. त्याचे नाव चेस्टर कार्लसन.

चेस्टर यांचा जन्म ८ फेब्रुवारी १९०६ रोजी अमेरिकेतील सिएटल शहरात झाला. वडील ओलोफ हे न्हावीकाम करायचे. पण संधिवात आणि क्षयाने त्यांना लवकरच अंथरुणाला खिळवले. चेस्टर चार वर्षांचा असताना कुटुंब नशीब काढण्यासाठी मेक्सिकोत गेले. तिथे पदरी निराशा पडली आणि आईला मलेरिया जडला. परतल्यावर कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनोच्या परिसरात त्यांनी कसेबसे बस्तान बसवले.

आठव्या वर्षापासून चेस्टर मिळेल ते काम करू लागला. तेराव्या वर्षी तो शाळेआधी दोन-तीन तास राबायचा आणि शाळा सुटली की पुन्हा कामावर जायचा. हायस्कूलमध्ये असताना घर मुख्यतः त्याच्याच कमाईवर चालत होते. तो सतरा वर्षांचा असताना आई क्षयाने गेली. काही काळ बाप-लेक पूर्वी कोंबड्या ठेवायच्या खुराड्यात, एका खोलीत राहिले. याच काळात एका छापखान्यात काम करताना त्याला एक जुने, टाकून दिलेले छपाईयंत्र मिळाले. रसायनशास्त्राची आवड असणाऱ्या मुलांसाठी त्याने त्यावर एक छोटे मासिक काढायचा प्रयत्न केला. एकेक खिळा जुळवून शब्द कागदावर उतरवणे किती कष्टाचे असते, हे तो तेव्हाच शिकला.

कामे करत, कर्ज काढत तो शिकत राहिला. १९३० मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून त्याने भौतिकशास्त्राची पदवी घेतली. तेव्हा डोक्यावर सुमारे १,५०० डॉलर कर्ज होते आणि देशात महामंदी सुरू झाली होती. त्याने ८२ कंपन्यांना अर्ज केले, एकाही ठिकाणाहून नोकरी मिळाली नाही. शेवटी न्यूयॉर्कच्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेत काम मिळाले, तेही १९३३ मध्ये मंदीने हिरावले. पुढे पी. आर. मॅलरी या विजेचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ते पेटंट विभागात लागले.

पेटंटच्या कामात एकाच कागदाच्या आणि आकृतीच्या अनेक प्रती लागत. त्या काळी मार्ग तीनच. कार्बन पेपर लावून टाइप करा, स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाईल करा किंवा फोटोस्टॅट काढायला बाहेर पाठवा. टाइप करताना एक चूक झाली तर सगळे पान पुन्हा. आकृती तर टाइप करताच येत नाही. फोटोस्टॅट म्हणजे फोटोसारखे ओले काम, वेळखाऊ आणि महाग.

कार्लसन यांना याची खरी झळ बसली ती विद्यार्थी म्हणून. १९३६ पासून ते दिवसा नोकरी करून रात्री न्यूयॉर्क लॉ स्कूलमध्ये कायदा शिकू लागले. कायद्याची पुस्तके विकत घेणे परवडत नव्हते. म्हणून ते न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत बसून पानेच्या पाने हाताने उतरवून घेत. हात दुखून यायचा, नजर कमी होती आणि वडिलांचा संधिवात त्यांच्याही पाठीत उतरू लागला होता. कागदाची प्रत बटण दाबून मिळाली पाहिजे, हा विचार त्या बाकावर पक्का झाला.

त्याच ग्रंथालयात त्यांनी विज्ञानाची नियतकालिके धुंडाळली. मोठ्या कंपन्या फोटोग्राफीच्या रसायनांवर काम करत होत्या. त्यांच्याशी आपण एकटे स्पर्धा करू शकणार नाही, हे ओळखून त्यांनी वेगळी वाट धरली. हंगेरीचे शास्त्रज्ञ पॉल सेलेनी यांच्या स्थिर विजेवरील संशोधनाने त्यांना दिशा दाखवली. केस विंचरलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तीच स्थिर वीज. काही पदार्थ अंधारात वीज धरून ठेवतात आणि उजेड पडला की ती सोडून देतात. अशा पदार्थाच्या पत्र्यावर वीज चढवून त्यावर लिहिलेल्या कागदाची प्रतिमा पाडली, तर कोऱ्या भागातला उजेड वीज घालवेल आणि अक्षरांच्या सावलीत ती शिल्लक राहील. मग पूड टाकली की ती फक्त अक्षरांनाच चिकटेल. ही पूड कागदावर उतरवून उष्णतेने पक्की केली की झाली प्रत. ना शाई, ना ओले रसायन.

१९३७ मध्ये त्यांनी पेटंटसाठी पहिला अर्ज केला. प्रयोग चालले होते घरच्या स्वयंपाकघरात. गंधक तापवल्याचा वास साऱ्या इमारतीत पसरायचा. अखेर न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात त्यांनी एक खोली भाड्याने घेतली आणि ऑस्ट्रियाहून आलेल्या ओटो कॉर्नेई या बेकार अभियंत्याला तुटपुंज्या पगारावर मदतीला ठेवले. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी कॉर्नेई यांनी काचेच्या पट्टीवर शाईने तारीख आणि 'ॲस्टोरिया' हे नाव लिहिले. गंधक चढवलेला जस्ताचा पत्रा अंधारात रुमालाने घासून त्यावर वीज चढवली. काच वर ठेवून काही सेकंद दिव्याचा उजेड पाडला. नंतर लायकोपोडियम या वनस्पतीची बारीक पूड शिंपडून फुंकर मारली. पत्र्यावर अक्षरे उभी राहिली. मेणाचा कागद दाबून ती कागदावर उतरवली. जगातली ही पहिली झेरॉक्स.

कॉर्नेई यांना मात्र यात भविष्य दिसले नाही आणि लवकरच ते दुसरी नोकरी धरून निघून गेले. कंपन्यांनाही दिसले नाही. १९३९ ते १९४४ या काळात वीसहून अधिक कंपन्यांनी कार्लसन यांना परत पाठवले. त्यात आयबीएम, कोडॅक, जनरल इलेक्ट्रिक, आरसीए अशी बडी नावे होती. १९४२ मध्ये पेटंट मिळाले, तरी गिऱ्हाईक नव्हते. कार्बन पेपर स्वस्तात मिळत असताना हे यंत्र कोणाला हवे, असा सगळ्यांचा सूर होता. टायपिस्टच्या बोटांचे कष्ट त्या हिशेबात कोणी धरलेच नव्हते. कार्लसन यांचे पहिले लग्नही या काळात मोडले.

१९४४ मध्ये ओहायोतील बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने हा शोध हाती घेतला. इथून पुढचे काम अनेकांचे आहे आणि ते सांगितले पाहिजे, कारण एकट्या माणसाने जग बदलल्याच्या कथा सहसा अर्धवट असतात. रोलंड शॅफर्ट यांच्या हाताखालच्या गटाने यंत्राचा एकेक भाग सुधारला. विल्यम बिक्सबी यांनी गंधकाऐवजी सेलेनियम वापरले, ते उजेडाला कितीतरी अधिक तत्पर निघाले. रुमालाच्या जागी वीज चढवणारी तार आली. अक्षरेच नेमकी धरेल अशी पूड, म्हणजे आजचा टोनर, तयार झाली. रॉचेस्टर शहरातील हॅलॉइड ही फोटोचा कागद बनवणारी लहान कंपनी पुढे आली. तिचे प्रमुख जोसेफ विल्सन यांनी जवळजवळ सगळी कंपनीच पणाला लावली. ग्रीक भाषेतील 'कोरडे' आणि 'लिहिणे' या शब्दांवरून 'झेरोग्राफी' हे नाव ठरले. पहिल्या प्रतीला बरोबर दहा वर्षे झाली, त्या दिवशी म्हणजे २२ ऑक्टोबर १९४८ रोजी हा शोध जाहीर झाला.

१९४९ चे पहिले यंत्र चालवणे म्हणजे कसरतच होती. प्रत्येक टप्पा हाताने करावा लागे. खरी क्रांती झाली १९५९ मध्ये, झेरॉक्स ९१४ या यंत्राने. ९ बाय १४ इंचांपर्यंतच्या कागदाची प्रत निघायची, म्हणून हे नाव. यंत्राचे वजन ६४८ पौंड, म्हणजे जवळपास २९४ किलो. कागद अडकून कधी कधी पेट घ्यायचा, म्हणून सोबत छोटे अग्निशामक नळकांडे दिले जाई. पण साध्या कागदावर, बटण दाबून, मिनिटाला सात प्रती निघत होत्या. कंपनीने ते विकण्याऐवजी महिना ९५ डॉलर भाड्याने दिले, त्यात २,००० प्रती मोफत. त्यामुळे लहान कार्यालयांनाही ते परवडू लागले. १९६१ मध्ये कंपनीचे नावच झेरॉक्स झाले. पुढे याच कंपनीतील गॅरी स्टार्कवेदर यांनी दिव्याच्या जागी लेझर किरण आणला आणि संगणकातली अक्षरे थेट कागदावर उतरवली. आज आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातला लेझर प्रिंटर ॲस्टोरियातल्या त्याच तत्त्वावर चालतो.

मानधन आणि शेअर यांतून कार्लसन यांच्याकडे अफाट पैसा आला. साथ सोडून गेलेल्या कॉर्नेई यांनाही त्यांनी आठवणीने कंपनीचे शंभर शेअर दिले. १९४६ मध्ये त्यांनी डॉरिस यांच्याशी दुसरे लग्न केले होते. डॉरिस यांच्यामुळे ते वेदान्ताकडे आणि झेन बौद्ध परंपरेकडे वळले. त्यांच्या घरी ध्यानाची बैठक भरू लागली. फिलिप कॅप्लो हे न्यूरेम्बर्ग आणि टोकियो येथील युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत न्यायालयीन कामकाजाची नोंद घेणारे लघुलेखक होते. पुढे जपानमध्ये राहून त्यांनी झेनची साधना केली आणि १९६५ मध्ये त्यांचे 'थ्री पिलर्स ऑफ झेन' हे पुस्तक आले. कार्लसन दांपत्याने त्यांना रॉचेस्टरला बोलावले आणि १९६६ मध्ये त्यांच्या पैशांच्या आधारावर रॉचेस्टर झेन सेंटर उभे राहिले. ते आजही चालू आहे.

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचेही ते मोठे पाठीराखे होते. या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. जागतिक शांतता आणि शिक्षण यांसाठीही कार्लसन यांनी भरभरून दिले. सारा हिशेब मांडला तर ही रक्कम दहा कोटी डॉलरच्या पुढे जाते. यातले बहुतेक दान निनावी होते. आपण गरीब म्हणूनच मरावे, अशी त्यांची इच्छा होती.

त्यांचे सगळेच आपल्याला पटेल असे नाही. मृत्यूपत्रातून त्यांनी व्हर्जिनिया विद्यापीठाला पुनर्जन्माच्या संशोधनासाठी मोठी रक्कम दिली. बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मात आत्म्याच्या पुनर्जन्माला जागा नाही आणि इथे आपली वाट वेगळी होते, हे स्पष्ट सांगायला हवे. पण दान कसे करावे, याबाबत मात्र या माणसापाशी शिकण्यासारखे आहे.

१९ सप्टेंबर १९६८ रोजी न्यूयॉर्कमधील एका चित्रपटगृहात एकटेच सिनेमा पाहत असताना हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय ६२. संयुक्त राष्ट्रसंघाचे तेव्हाचे सरचिटणीस, ब्रह्मदेशाचे बौद्ध ऊ थांट यांनी त्यांना आदराने श्रद्धांजली वाहिली. बाहेरच्या जगातल्या बहुतेकांना हा माणूस कोण, हे तेव्हाही ठाऊक नव्हते.

हे लिहिताना मला काही वर्षांपूर्वीचा एक वह्यावाटपाचा कार्यक्रम आठवतो. आयोजक आपलेच होते, हेतूही चांगला होता. नववीतल्या एका मुलीला वही हातात धरून कॅमेऱ्याकडे बघायला तीनदा सांगितले गेले. आठवडाभराने तो फोटो चौकातल्या फ्लेक्सवर झळकला. ती मुलगी पुन्हा अभ्यासिकेत आली नाही. मी तिच्या घरी गेले, तेव्हा ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. त्या फ्लेक्सला विरोध न करणाऱ्यांत मीही होते.

त्यानंतर आम्ही एक बदल केला. वस्तीतल्या झेरॉक्सच्या दुकानात अभ्यासिकेचे खाते उघडले. दाखले, नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, ज्या मुलाला जे हवे ते त्याने काढून घ्यायचे. वहीत फक्त पानांची संख्या लिहायची, मुलाचे नाव नाही. महिनाअखेर नोकरीला लागलेली चार-पाच माजी मुले हिशेब चुकता करतात, त्यांचेही नाव कुठे लागत नाही. 'पे बॅक टू सोसायटी' आपण सभांमधून नेहमी ऐकतो. त्याची सुरुवात शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात, शे-दोनशे रुपयांतही करता येते. यंदा प्रवेशाची रांग लागण्याआधी तुमच्या वस्तीत असे एक खाते उघडून बघा. फोटो काढायची गरज नाही.

जय भीम.