डॉ. होमी भाभा : पोलादाकडे नेणारी वेगळी वाट



परीक्षेचा निकाल लागला की मुलाने कोणती शाखा घ्यावी, हा प्रश्न घरोघरी पडतो. सुमारे शंभर वर्षांपूर्वी मुंबईतील एका सुशिक्षित पारशी घरातही तो पडला होता.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. सर दोराबजी टाटा हे त्यांच्या आत्याचे यजमान. त्यामुळे होमीने इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी घरच्यांची इच्छा होती. १९२७ साली होमी केंब्रिजला गेले, पण त्यांचे मन पदार्थविज्ञानात रमले. वडिलांनी रागावून नकार दिला नाही. इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळाल्यास गणिताच्या पुढील शिक्षणाचा खर्च करण्याचे त्यांनी कबूल केले. १९३० साली होमींनी पहिला वर्ग मिळवला आणि वडिलांनी शब्द पाळला.

पुढे भाभांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. १९५४ साली आपल्या चेंबूरजवळच्या ट्रॉम्बे येथे अणुशक्ती केंद्र सुरू झाले आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथे 'अप्सरा' अणुभट्टी चालू झाली.

पोलादाने मात्र भाभांची पाठ सोडली नाही. आपल्या देशात युरेनियम थोडे, थोरियम भरपूर. म्हणून त्यांनी तीन टप्प्यांची योजना आखली. दुसऱ्या टप्प्यातील अणुभट्टीत न्यूट्रॉन वेगवान राहावे लागतात. पाणी त्यांचा वेग कमी करते. म्हणून उष्णता वाहून नेण्यासाठी तेथे वितळलेले सोडियम वापरतात.

आता विचार करा, वितळलेला धातू ज्या नळांतून वाहतो, ते नळ टिकणार कसे? बादल्यांना जस्ताचा मुलामा देताना वितळलेले जस्त ज्या लोखंडी कढईत ठेवतात, ती कढईही हळूहळू झिजते. लोखंड जस्तात विरघळते. सोडियम त्या मानाने सौम्य आहे. पण त्यात ऑक्सिजन मिसळला की पोलादाची झीज वाढते. गरम भागातील निकेल आणि क्रोमियम सुटून थंड भागात जाऊन बसतात.

यावर उपाय दुहेरी आहे. एक म्हणजे क्रोमियम, निकेल व मॉलिब्डेनम योग्य प्रमाणात मिसळलेले स्टेनलेस पोलाद वापरणे. दुसरा म्हणजे सोडियम शुद्ध राखणे. त्यासाठी थोडे सोडियम बाजूला घेऊन थंड करतात. त्यातील ऑक्साइड साका होऊन मागे राहते आणि स्वच्छ सोडियम परत जाते. अशी आपली पहिली अणुभट्टी १८ ऑक्टोबर १९८५ रोजी कल्पाक्कमला चालू झाली.

ती पाहायला भाभा नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर झालेल्या विमान अपघातात त्यांचे निधन झाले. १९६७ साली ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

पालकहो, मुलाची आवड ऐका, पण अटही घाला. आणि विद्यार्थी मित्रहो, ती अट आधी पुरी करा. नावडता म्हणून बाजूला सारलेला विषय पुढे कोणत्या वळणावर आपल्यासमोर उभा राहील, हे सांगता येत नाही.