वर्गात रमलेला पाळक

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरला राहायला आलो. महामार्गावरचे गाव, दिवसरात्र ट्रकांची वर्दळ. कादंबरी लिहायला एवढा गोंगाट चालतो का, असे स्नेही विचारतात. गोंगाटाची सवय होते. सवय झाली नाही ती रिकाम्या संध्याकाळींची. म्हणून मी पडवीत दहावीच्या मुलांना गणित शिकवायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी सात मुले आली. त्यांतली दोन नापास झाली आणि मी फार खट्टू झालो. आयुष्यभर बँकेत वसुलीचा ताळेबंद मांडलेला माणूस मी! घातले किती आणि आले किती, हे मार्चअखेर कळायलाच हवे, ही खोड काही जात नाही.

त्या दिवसांत मला वारंवार आठवला तो स्टीफन हिस्लॉप. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या हिस्लॉप कॉलेजमुळे हे नाव विदर्भातल्या घराघरांत माहीत आहे. पण कॉलेज 1883 चे आणि हिस्लॉप वारले 1863 मध्ये. आपल्या नावाचे कॉलेज त्यांनी पाहिलेच नाही.

हिस्लॉप यांचा जन्म 8 सप्टेंबर 1817 रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स या गावी झाला. शिक्षण धर्मशास्त्राचे. असा तरुण पुढे एखाद्या गावच्या मंडळीचा पाळक व्हायचा. रविवारी उपदेश, बाकीचे दिवस बारशी, लग्ने, आजाऱ्यांच्या भेटी, असे त्याचे आयुष्य ठरलेले असे. त्यातच 1843 साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. मंडळीचा पाळक जमीनदाराने नेमायचा की मंडळीने निवडायचा, हा वादाचा मुद्दा होता. चारशेहून अधिक पाळक घर आणि पगार सोडून बाहेर पडले व त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. हिस्लॉपही त्यांच्याबरोबर गेले. नव्या चर्चला तेव्हा गावोगावी पाळक हवे होते. हिस्लॉप यांना मायदेशी काम मिळाले नसते असे मुळीच नाही.

त्याच सुमारास मद्रास फौजेतल्या कॅप्टन हिल यांनी नागपुरात मिशन सुरू करण्यासाठी मोठी देणगी देऊ केली होती. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन तेव्हा स्कॉटलंडमध्ये होते. तेही या कामासाठी माणूस शोधत होते. हिस्लॉप यांनी हे काम पत्करले. 1844 मध्ये त्यांना दीक्षा मिळाली, लग्न झाले आणि 1845 च्या आरंभी नवराबायको नागपूरला पोहोचली. तेव्हा तिथे भोसल्यांचे राज्य होते.

जवळच कामठीला इंग्रजांची छावणी होती. गोऱ्या लोकांची मंडळी आयती, भाषा आपली, मानही मिळणार. तिथेच रमता आले असते. पण हिस्लॉप मराठी शिकले आणि 1846 च्या मे महिन्यात त्यांनी नागपुरात मुलांची शाळा काढली. व्यासपीठावरचा माणूस फळ्यापुढे उभा राहिला.

यामागचा हेतू झाकण्याचे कारण नाही. मुलांनी शिकावे आणि शिकता शिकता ख्रिस्ती धर्माकडे वळावे, अशी त्यांची इच्छा होती. पालकांना ते ठाऊक होते, त्यांना इंग्रजी विद्या हवी होती. दोघांच्या इच्छांमधून ही शाळा चालत होती. 1848 मध्ये एका ब्राह्मण विद्यार्थ्याने ख्रिस्ती होण्याचे ठरवले तेव्हा हा ताण उघड्यावर आला. दरबाराने मुलाला मागितले आणि इंग्रज रेसिडेंटने तो त्यांच्या हवाली केला. त्या मुलाच्या आईबापांची कळ आपल्याला समजते, आणि त्या पोराची तगमगही.

धर्मांतरे मोजून पाहिली तर हिस्लॉप यांच्या खात्यावर फारसे काही जमा दिसत नाही. आमच्या बँकेने अशी शाखा केव्हाच बंद केली असती! हिस्लॉप मात्र शिकवत राहिले आणि त्याहून अधिक शिकत राहिले. टाकळीच्या दगडांत त्यांना प्राचीन किडे व शंखशिंपल्यांचे जीवाश्म सापडले. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्यांनी नागपूर परिसराच्या भूगर्भावर लिहिलेला निबंध 1855 साली लंडनला छापला गेला. एका खनिजाला हिस्लोपाइट असे नाव मिळाले. गोंडांचे शब्द, चालीरीती, लिंगोची गाणी त्यांनी टिपून ठेवली. ज्या मुलखात शिकवायचे त्याची माती आणि माणसे आधी वाचायची, असा हा मास्तर होता.

4 सप्टेंबर 1863. चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर हिस्लॉप बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला दगडांची प्राचीन वर्तुळे पाहायला गेले होते. काम आटोपून मंडळी परत निघाली. हिस्लॉप मात्र मागे थांबले, कारण गावात एक शाळा होती आणि ती पाहिल्याशिवाय त्यांचा पाय निघेना. मुलांची परीक्षा घेऊन ते संध्याकाळी एकटेच घोड्यावर निघाले. पावसाळ्याचे दिवस, वाटेतला ओढा फुगलेला. घोडा तळावर परतला तो रिकामाच. शेहेचाळीस वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस राहिले होते.

त्यांची टिपणे टेंपल यांनी 1866 मध्ये प्रसिद्ध केली. टाकळघाटला 1968-69 मध्ये नागपूर विद्यापीठाने रीतसर उत्खनन केले. वीस वर्षांनी शाळेमागोमाग कॉलेज उभे राहिले. त्या कॉलेजातून पुढे किती पिढ्या बाहेर पडल्या, आणि त्यांतली बहुतेक मुले आपापल्याच धर्मात राहिली. हिस्लॉप यांना हवे होते ते पीक आले नाही. आले ते दुसरेच, आणि ते आपल्या पदरात पडले.

मी टाकळघाटला गेलो होतो तो भर पावसात. ओढ्याच्या काठी उभा असताना मनात आले, त्या संध्याकाळी टाकळघाटच्या पोरांनी पाढे म्हटले असतील, एखादा अडखळला असेल, आणि साहेब अंधार पडत आला तरी त्याचे पुरते होईपर्यंत थांबले असतील. हा माझ्यातल्या कादंबरीकाराचा तर्क. पण शाळेसाठी ते थांबले, हे मात्र खरे.

घरी परतायला उशीर झाला. पडवीत दिवा लागलेला. गेल्या खेपेला नापास झालेली ती दोन्ही पोरे वही उघडून बसली होती. मी ओले कपडे बदलले आणि खडू हातात घेतला.