पानाला आठ सेंट

गिटहबवरून प्रोजेक्ट उतरवला की सोबतच्या रीडमी फाईलमध्ये हॅश आणि चांदण्यांची जी लिखावट दिसते, ती मार्कडाऊन. जॉन ग्रुबरने ती २००४ मध्ये काढली. तिच्या जडणघडणीत हातभार होता १७ वर्षांच्या एका पोराचा, अ‍ॅरन स्वार्ट्झचा. आमच्या विंगमध्ये हे नाव फारसं कुणाला माहीत नाही, म्हणून हा खटाटोप.

जन्म १९८६ चा, शिकागोजवळच्या हायलंड पार्कचा. चौदाव्या वर्षी गडी आरएसएस १.० च्या कामात (नागपूरशी संबंध नाही!). पुढे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने मशीनला वाचता यावेत म्हणून काम केलं. स्टॅनफर्ड वर्षभरात सोडलं. २००५ मध्ये रेडिट लिस्पमधून पायथॉनमध्ये नव्याने लिहिलं गेलं, ते त्याच्या वेब.पाय वर. रेडिट विकलं गेलं, पैसा आला, पण कंपनीत काही तो रमला नाही.

मला खरा अ‍ॅरन भेटतो तो २००८ मध्ये. अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयांची कागदपत्रं म्हणजे जनतेची मालमत्ता, पण ऑनलाइन बघायला पानाला ८ सेंट! काही मोजक्या ग्रंथालयांत प्रायोगिक मोफत सोय होती. याने तिथून स्क्रिप्ट लावली आणि जवळपास २ कोटी पानं बाहेर काढली. एफबीआयने चौकशी केली, गुन्हा काही सापडला नाही.

मग एमआयटी. २०१० च्या शेवटी तिथल्या वायरिंगच्या खोलीत लॅपटॉप लपवून त्याने जेस्टोरचे ४० लाखांहून जास्त शोधनिबंध उतरवले. मला विचाराल तर ही लपवाछपवी चुकलीच. पण त्याने ते निबंध विकले नाहीत की वाटलेही नाहीत. २०११ मध्ये अटक झाली. जेस्टोरने डेटा परत घेऊन आपल्यापुरतं मिटवलं, सरकारने मात्र उलट कलमं वाढवत १३ वर नेली. पुस्तकं वेळेत परत करूनही जन्मठेपेची भीती घालावी, तसलाच प्रकार.

डोक्यावर हे ओझं असताना त्याने सोपा विधेयकाविरुद्ध रान उठवलं आणि जानेवारी २०१२ मध्ये ते बारगळलं. ११ जानेवारी २०१३ ला, खटला उभा राहण्याआधीच, ब्रुकलिनच्या घरी त्याने आयुष्य संपवलं. वय २६. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने खटला मागे घेतला.